जुनी गाडी पिकअप घेत नाही, आयडलिंगला थरथरते: दोष कसा शोधायचा

सिग्नलला आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून, उभी असताना स्टेअरिंग थरथरतं, इंजिन मध्येच गचका खातं, आणि हिरवा दिवा लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर रेंगाळून मगच निघते. ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलं की बहुतेकदा प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि कार्बोरेटर सफाई असं एकत्र बिल हातात पडतं. कधी त्यातच दोष निघतो. पण खरा दोष वीतभर लांबीच्या चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात (इंजिनाची हवेची ओढ इतर भागांना पोहोचवणाऱ्या रबरी नळीत) असेल, तर एवढं सगळं बदलूनही गाडी तशीच थरथरते. म्हणून पार्ट बदलण्याआधी दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं. त्यासाठी लागणारा बराचसा पुरावा गाडी स्वतःच देते.

इथे उदाहरण मारुती ८०० चं घेतलं आहे, कारण तिच्यात दोन्ही जमाने भेटतात. १९८३ साली आलेली ही ७९६ सीसी, तीन सिलिंडरची गाडी आधी कार्बोरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागावर) चालायची. २००० च्या सुमारास भारत स्टेज २ च्या प्रदूषण नियमांबरोबर तिला एमपीएफआय (सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या हिशेबाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) मिळालं आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ओम्नी, झेन, एस्टीम, सँट्रो अशा इतर जुन्या पेट्रोल गाड्यांनाही तपासणीचा क्रम हाच. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

हत्यारं फार लागत नाहीत: प्लग पाना, फीलर गेज, साधा मल्टीमीटर, रबरी मुठीची पक्कड, मीटरभर रबरी नळी. व्हॅक्यूम गेज आणि कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतात. काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. ओढणी, सैल बाह्या, लोंबती साखळी फॅनबेल्टपासून लांब ठेवा.

आधी ठरवा: कधी होतं?

पहिला प्रकार असा की आयडलिंगला इंजिन धडधडतं, पण दोन हजार आरपीएमच्या वर गेलं की लोण्यासारखं चालतं. इथे पहिला संशय हवेच्या गळतीवर. आयडलिंगला बटरफ्लाय (थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप) जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा ओढत असतं. त्यात एका फटीतून आलेली जादा हवा हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं गणित बिघडवते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इतकी हवा आत येते की त्याच फटीची हवा नगण्य ठरते. स्लो जेट (कार्बोरेटरमधलं आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबणं, आयडल व्हॉल्व्ह (एमपीएफआयमध्ये आयडलिंगची हवा ठरवणारी झडप) अडकणं, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहणं ही याच गटातली मंडळी.

दुसरा प्रकार याच्या उलट. उभ्या गाडीत इंजिन शांत, पण घाट लागला, चार माणसं बसली किंवा ओव्हरटेकसाठी पाय दाबला की दम नाही. इथे पेट्रोल कमी पडतंय, ठिणगी दाबाखाली दुबळी पडतेय, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे सरकत नाही किंवा सायलेन्सर तुंबलाय. ठिणगीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या प्लग वायरचं इन्सुलेशन आयडलिंगला निभावतं, पण घाटात करंट बाहेर पळू देतं.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्हीकडे बोंब. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर बसला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेलाच, शिवाय हादरेही बसतात. हा दोष शोधायला सगळ्यात सोपा.

याशिवाय चार प्रश्न विचारून घ्या. थंड असताना जास्त होतं की गरम झाल्यावर? पावसात, दमट सकाळी वाढतं का? टाकी भरल्यानंतर लगेच सुरू झालं का? एसी लावल्यावरच होतं का? जुन्या ८०० मध्ये एसी लावल्यावर पिकअप पडणं हा दोष नाही, ७९६ सीसीचं ते दुखणं जन्मजात आहे. पण एसी लावताच आयडल पडून इंजिन बंद व्हायला लागलं, तर आयडल उचलणारी यंत्रणा तपासायला हवी.

इंजिनाला दोष देण्याआधी

पिकअप नाही म्हणून कार्बोरेटर उघडायचा आणि दोष ब्रेकमध्ये निघायचा, असंही होतं. पाच-सात किलोमीटर चालवून, शक्यतो कमी ब्रेक मारत, गाडी थांबवा आणि हात चारही चाकांच्या जवळ न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा भरपूर तापलं असेल तर त्याचा कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर (चाकाचा ब्रेक दाबणारा भाग) जाम आहे. हँडब्रेकची केबल अडकली की मागची चाकं तापतात.

क्लचसाठी सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी ४० वर चाला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट सरकतेय. यात इंजिन निर्दोष आहे.

मग एकाला आत बसवून, इंजिन बंद ठेवून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा आणि बॉनेटखाली बघा: बटरफ्लाय पूर्ण उघडतो का? ताणलेली केबल किंवा पेडलखाली गोळा झालेलं जाड मॅट यामुळे तो अर्ध्यावरच थांबतो, आणि अशा गाडीला जगातलं कुठलंच ट्यूनिंग उपयोगी पडत नाही. एअर फिल्टर बल्बसमोर धरा. उजेड दिसत नसेल तर तो गेला. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर मिश्रण दाट करतो आणि काळा धूर येतो. एमपीएफआयमध्ये नुसतीच ताकद कमी होते.

प्लग वाचायचे

तिन्ही प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा हे कागदावर लिहून त्याच क्रमाने ठेवा. सरमिसळ झाली की अर्धा पुरावा गेला. टोक फिकट तपकिरी, बदामी रंगाचं असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट किंवा ठिणगी दुबळी. चकचकीत ओला काळा थर म्हणजे तेल, मग पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावी लागेल. पेट्रोलचा वास असलेला ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये इंधन पोहोचतंय पण पेटत नाही. पांढराफटक, टोकाशी वितळलेला प्लग हवा जास्त, पेट्रोल कमी किंवा टायमिंग चुकल्याची खूण आहे. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना समान असलेल्या भागात. एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्या एकाच सिलिंडरचा.

कार्बोरेटरच्या ८०० मध्ये प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी असते. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत ती १.० ते १.१ मिमी असते, तेव्हा अंदाजाने नको. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून फट कमी ठेवतात. प्लग बसवताना हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) ॲल्युमिनियमचं आहे हे विसरू नका. आधी हातानेच पूर्ण फिरवा. टेकल्यावर वॉशर नवा असेल तर पान्याने साधारण अर्धी फेरी, जुना असेल तर घड्याळाच्या काट्याचा एक तास सरकेल एवढंच. पान्यावर लटकणाऱ्याला पुढे हेडची आटे-दुरुस्ती करावी लागते.

कुठला सिलिंडर मेला आहे?

इंजिन गरम, आयडलिंगला. सायलेन्सरच्या टोकाशी वहीचा कागद धरा. निरोगी इंजिन तो एकसारख्या लयीत बाहेर ढकलतं. ठरावीक अंतराने लय चुकत असेल तर एक सिलिंडर मिसिंग करतोय, म्हणजे ठोका चुकवतोय. कागद मध्येच आत ओढला जात असेल तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्या.

आता रबरी मुठीच्या पकडीने प्लग वायर एकेक करून उपसा. वायर काढताच इंजिन आणखी धडधडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच चोर. उपसलेली वायर मोकळी हवेत सोडू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल त्याने जळू शकतं. जुना प्लग त्या वायरला लावून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. एमपीएफआय गाडीत त्याहून चांगलं म्हणजे वायर न काढता इंजेक्टरचा कनेक्टर काढणं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा सायलेन्सरच्या वाटेतला भाग) असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांतच उरका, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं.

चोर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. नाही सरकला तर वायरची अदलाबदल करा. लांबी पुरत असेल तोवर ही चाल फुकटात निकाल देते. तरीही दोष त्याच सिलिंडरवर चिकटून राहिला तर पुढे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) बघावं लागेल.

ठिणगीची साखळी

८०० चा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. वायर काढून परत लावताना दोघांची अदलाबदल झाली की गाडी सुरूच होत नाही किंवा कार्बोरेटरमधून फटाके येतात. घाईच्या कामानंतर आलेल्या तक्रारीत हे आधी बघा.

डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडून आतून तपासा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी नागमोडी रेघ दिसली तर तिथून करंट पळतोय, कॅप बदला. पितळी खुंट्यांवर हिरवट-पांढरा थर, रोटरचं झिजलेलं टोक, मधल्या कोळशाच्या कांडीचा तुकडा पडलेला, हेही बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारा. निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर गेल्या. पावसाळ्यातच मिसिंग करणाऱ्या गाड्यांचं निदान अशाने दोन मिनिटांत होतं.

पॉइंटवाल्या (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या संपर्कांच्या) जुन्या गाडीत फट ०.४ ते ०.५ मिमी. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसरीवर उंचवटा दिसला तर कंडेन्सरही बदला. आणि फट बदलली की टायमिंगही बदलतं. पॉइंट घासून, फट लावून तसंच सोडून देणं ही नेहमीची चूक आहे, पिकअप तिथेच जातो. टायमिंग लाइट लावून परत बघायलाच हवं.

डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (टायमिंग पुढे सरकवणाऱ्या डबीचा) पाइप काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच राहिली पाहिजे. हवा नुसती येत राहिली तर डायफ्राम फाटलाय. हा एकच भाग दुहेरी त्रास देतो: ॲडव्हान्स मिळत नाही म्हणून पिकअप नाही, आणि ज्या रचनेत पाइप थेट मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळकांड्याला) जोडलेला असतो तिथे फाटक्या डायफ्राममधून हवा शिरून आयडलिंगही बिघडतं. रोटर हाताने किंचित फिरवून सोडा, स्प्रिंगने टपकन परत आला पाहिजे. चिकटून राहिला तर आतली वजनं गंजली आहेत.

कॉइल (ठिणगीचं जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) अनेकदा गरम झाल्यावरच दगा देते. गाडी वीस-तीस मिनिटं छान चालून मग गचके खाऊ लागली आणि अर्धा तास थांबल्यावर पुन्हा ठीक झाली, तर कॉइल आणि पेट्रोल टाकीचं झाकण हे दोन संशयित. झाकणाची हवेची वाट बंद झाली असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल येईनासं होतं. त्रास सुरू असताना झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली, तर कॉइलचे पैसे वाचले.

हवेची गळती

आयडलिंगच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेला प्रत्येक रबरी पाइप संशयित असतो. वरून धड दिसतो, वाकवला की खालच्या बाजूने चीर उघडते. म्हणून डोळ्यांनी नव्हे, बोटांनी तपासा.

इंजिन आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डला जोडलेले पातळ पाइप पकडीने, चिंधी मध्ये ठेवून, एकेक करून दाबा. एखादा दाबताच आयडल सुधारलं तर गळती त्या पाइपच्या पलीकडे आहे. ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) जाड पाइपही असाच दाबून बघा. त्याने फरक पडला तर बूस्टरचा डायफ्राम गळतोय, आणि मग प्रश्न पिकअपचा उरत नाही, ब्रेकचा होतो. आधी तो दुरुस्त करा.

सांध्यांसाठी मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं कार्बोरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्ड गॅस्केटच्या कडेने, इंजेक्टरच्या रबरी रिंगांपाशी फिरवा. सुरसुर ऐकू आली की जागा सापडली. खात्रीसाठी साबणाच्या पाण्याचा फवारा त्याच जागी मारा, आयडल क्षणभर बदलेल. बरेच मेकॅनिक इथे कार्ब क्लीनर किंवा पेट्रोलच मारतात. गरम एग्झॉस्ट आणि गळत्या प्लग वायर शेजारी असताना तो खेळ नको, पाणी तेवढंच काम करतं. धुरासाठी उदबत्ती फिरवायची कल्पनाही पेट्रोलच्या वासात डोक्यातून काढून टाका.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढून घेणारी झडप) काढून कानापाशी हलवा. खडखड वाजला तर मोकळा, मुका असेल तर चिकटलेला. कार्बोरेटरच्या बुडाखालचं जाड बेकेलाइटचं स्पेसर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि नट जास्त आवळल्याने वाकडं होतं. कार्बोरेटर सफाईनंतरच थरथर सुरू झाली असेल तर आधी इथे बघा: जुनं गॅस्केट परत वापरलेलं असतं. स्पेसर काचेवर ठेवून कडेने फीलर गेज घालून सपाटी तपासा.

कार्बोरेटर

एअर फिल्टरचं झाकण काढा. इंजिन बंद ठेवून घशात बघत ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. पाय हलताक्षणी पेट्रोलची बारीक पण ठाम पिचकारी दिसली पाहिजे. उशिरा आली किंवा नुसतेच थेंब पडले तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम कडक झालाय. पाय दाबला की गाडी आधी गचकते आणि मग उचलते, हे त्याचंच लक्षण. डायफ्राम किटमध्ये मिळतो, अख्खा कार्बोरेटर बदलायची गरज नसते.

आयडलिंगला बंद पडते, पण पाय ठेवला की चालते? स्लो सर्किटच्या सोलेनॉइडची (आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेची) वायर तपासा. चावी ऑन-ऑफ करताना त्यातून टकटक आवाज यायला हवा. आवाज नाही आणि वायरीला १२ व्होल्ट पोहोचतात, म्हणजे सोलेनॉइड गेला. आवाज येतो तरी तेच, म्हणजे स्लो जेट तुंबलाय. जेट कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक केसाएवढंही मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

खालच्या वेगाला ठीक, पण ६० नंतर पुढे सरकत नाही, तर कार्बोरेटरचा दुसरा बॅरल (जोर लागल्यावर उघडणारी जादा वाट) उघडणारा डायफ्राम किंवा त्याचा पाइप बघा. चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या झडपेची) केबलही तपासा. नॉब आत ढकलला तरी फ्लॅप अर्धा बंदच राहिला की गाडी काळा धूर ओकते आणि पेट्रोलही पिते.

हे सगळं झाल्यावरच एअर स्क्रूला (आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूला) हात लावा. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एसी आणि दिवे बंद. बंद इंजिनावर स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवत फेऱ्या मोजून लिहून ठेवा. मग मूळ जागी आणून इंजिन सुरू करा, पाव फेरीने इकडे-तिकडे करत जिथे आरपीएम सर्वांत जास्त आणि आवाज एकसंध वाटेल तिथे थांबा. मग थ्रॉटल स्क्रूने आयडल ९०० च्या आसपास आणा. स्क्रू कसाही फिरवला तरी आयडल बदलतच नसेल, तर दोष त्या स्क्रूत नाही. गळती किंवा तुंबलेला स्लो जेट अजून शिल्लक आहे.

पेट्रोल

कार्बोरेटरच्या गाडीत पंपाकडून येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने भरघोस पेट्रोल आलं पाहिजे. एमपीएफआयच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळीत) साधारण अडीच ते तीन बारचा दाब असतो, तो गेज लावूनच मोजावा लागतो. रेग्युलेटर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर त्याचा पाइप आयडलिंगला काढल्यावर दाब अर्ध्या बारच्या आसपास वाढायला हवा. काढलेल्या पाइपात पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय. दाब आयडलिंगला बरोबर, पण पाय दाबल्यावर पडत असेल तर फिल्टर किंवा टाकीतला पंप.

आता पंपांवर बहुतेक ठिकाणी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. जुन्या गाडीत त्याचे तीन परिणाम होऊ शकतात. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. कार्बोरेटरचे जेट ठरलेल्या मापाचे असल्याने मिश्रण पातळ पडतं आणि हलक्या थ्रॉटलला गाडी किंचित अडखळते. ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेली गाडी हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. दुसरं, टाकीतला जुना थर सुटून फिल्टरमध्ये येतो. तिसरं, जुने रबर पाइप, डायफ्राम आणि निडलचं टोक फुगतं किंवा मऊ पडतं. म्हणून फिल्टर लवकर बदला आणि बदली रबराचा पाइप इथेनॉलला टिकणाराच घ्या.

पावसाळ्यात पाण्याचाही संशय ठेवा. टाकी भरल्या दिवसापासून त्रास असेल तर २०० मिली पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून खाली बसतात, नेमकं पंप जिथून पेट्रोल उचलतो तिथे.

एमपीएफआयचे सेन्सर

यांच्यापासून सुरुवात करायची नाही, एवढंच मुख्य. चेक इंजिनचा दिवा लागला तरी कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ सांगतोय, तर तो कदाचित खरंच बोलतोय आणि दोष चिरलेल्या पाइपात आहे. २०१० पूर्वीच्या अनेक गाड्यांना स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर जोडता येत नाही, त्यांना कंपनीचं स्कॅनर लागतं.

थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर आणि आयडल व्हॉल्व्हमधली काजळी साफ केल्याने बऱ्याच तक्रारी मिटतात. थ्रॉटलचा थांबा-स्क्रू मात्र हलवू नका. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज बंद पेडलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर चारच्या वर जायला हवं. त्यातही महत्त्वाचं म्हणजे हळूहळू दाबताना आकडा कुठे उडी मारतो का. मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरला) जाणारा पाइप गळला की गाडी दाट मिश्रण जाळते, सेन्सर निर्दोष असतो.

आपल्याकडचा एक खास उपद्व्याप म्हणजे गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकणं. मग इंजिन हायवेवर कधी पुरतं गरमच होत नाही. ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन थंड आहे, ते जादा पेट्रोल देत राहतं, प्लग काळे होतात, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही पडतात. तापमानाचा काटा पाव भागावरच रेंगाळत असेल तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. काटा ठीक असेल तर ईसीएमसाठीचा वेगळा तापमान सेन्सर मोजा: सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम.

पीयूसीची पावती वाचा

पीयूसी सेंटरचं यंत्र म्हणजे अगदी कमी पैशांतला गॅस ॲनालायझर. इंजिन गरम करून जा आणि पावतीवरचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) व एचसी (न जळलेले हायड्रोकार्बन) हे दोन आकडे बघा. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकीला मर्यादा ३ टक्के सीओ आणि १५०० पीपीएम एचसी, त्यानंतरच्या स्टेज २ व ३ च्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे मिश्रण दाट: चोक, फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा), एअर फिल्टर, तापमान सेन्सर. सीओ कमी पण एचसी आभाळाला टेकलेला, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर येतंय: प्लग, वायर, हवेची गळती, जळलेला व्हॉल्व्ह. दोन्ही जास्त असतील तर दाट मिश्रण आणि मिसिंग हातात हात घालून चालले आहेत. प्रोब सायलेन्सरमध्ये न घालताच छापून दिलेली पावती इथे अर्थातच उपयोगाची नाही.

व्हॅक्यूम आणि कॉम्प्रेशन

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच (पाऱ्याच्या मापाने) स्थिर दाखवतं. उंचीच्या दर ३०० मीटरला साधारण एक इंच वजा करा, म्हणजे पुण्यात दोनेक इंच आणि महाबळेश्वरला चारच्या वर. उंचावर कार्बोरेटरचं मिश्रण दाटही होतं, त्यामुळे मुंबईत ट्यून केलेली गाडी वर जाऊन सुस्तावली तर लगेच पाने काढू नका. काटा स्थिर पण खूप खाली म्हणजे टायमिंग मागे किंवा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलेला. ठरावीक लयीत काटा झटका खातो म्हणजे एखादा व्हॉल्व्ह.

कॉम्प्रेशनसाठी इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारा. चांगल्या इंजिनात साधारण १७० ते २०० पीएसआय येतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा, १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उडी मारून वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

व्हॉल्व्ह म्हटलं की लगेच हेड उतरवू नका, आधी टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांमधली फट) बघा. वाजणारे टॅपेट सगळ्यांना ऐकू येतात, घट्ट झालेले मात्र गप्प असतात आणि तेच घातक. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, गरम झाल्यावर कॉम्प्रेशन गळतं आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. सीएनजी-एलपीजीवर चाललेल्या गाडीत सीट लवकर झिजून हे जास्त होतं. थंड इंजिनावर मॅन्युअलमधल्या मापाने टॅपेट लावून कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. गॅस किटचा मिक्सर घशात बसवलेला असेल तर पेट्रोलवरची थोडी ताकद त्याने कायमचीच खाल्लेली असते, हेही हिशेबात धरा.

तुंबलेला सायलेन्सर, आणि शेवटी माउंटिंग

व्हॅक्यूम गेज लावलेलंच असेल तर इंजिन २५०० वर धरून ठेवा. काटा सावकाश खाली सरकत गेला तर बाहेरची वाट बंद आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून २५०० ला ३ पीएसआयपेक्षा जास्त दाब आला तर शिक्कामोर्तब. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टकटक करा, आतली जाळी तुटलेली असेल तर खुळखुळते. पण ती बहुतेकदा मिसिंगमुळे जळलेली असते, म्हणून मिसिंग न काढता नवा कन्व्हर्टर बसवला तर त्याचीही तीच गत होते.

इतकं सगळं बरोबर निघालं, सायलेन्सरचा कागद एका लयीत हलतोय, पिकअपही परत आलाय, तरी उभ्या गाडीत सीट आणि आरसे थरथरतात? तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं. बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, एकाला गिअर टाकून क्लच किंचित सोडायला सांगा. इंजिन एका बाजूला उसळून धप्पकन बसत असेल तर माउंटिंगचं (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याचं) रबर फाटलंय. ते बदला, कार्बोरेटर आता उघडू नका.